मादी क्रमांक सात

साळवे साहेब कुणाशी हात मिळवत, तेव्हा समोरच्याच्या हाताच्या पाठीवरून एकदा अंगठा फिरवत. हलकेच, पण नेमका. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी ठरल्यासारखं दिसे आणि ते हात सोडून देत. मी भोरला हजर व्हायला गेलो तेव्हा त्यांनी माझाही हात असाच तपासला आणि "हं" म्हणाले. तो "हं" मला आठ दिवस पुरला.

शेवटी जाळं ओढणाऱ्या धोंडिबानं खुलासा केला. "सायेब नर-मादी बघत्यात. माशाच्या छातीचा पर खरखरीत लागला तर नर, गुळगुळीत लागला तर मादी. हाताला सवयच लागलीया त्यांच्या." माझ्या बाबतीत काय ठरलं असेल, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. धोंडिबानं माझ्या हाताकडे पाहिलं, जाळ्याची गाठ सोडवली आणि म्हणाला, "तुमचा हात लई मऊ हाय, पाटसकर. आता काय समजायचं ते समजा."

सत्तर साल उजाडायला एक-दोन वर्षं होती. नीरेकाठी चार तळी, दोन सिमेंटचे हौद आणि एक पत्र्याची खोली, एवढं आमचं सरकारी मत्स्यबीज केंद्र. साळवे साहेब प्रमुख, मी कारकून, धोंडिबा बाकी सगळं. मी मूळचा सासवडचा. मासा हा प्राणी तोपर्यंत मी पंचांगातल्या मीन राशीच्या चित्रात पाहिला होता, आणि तिथे तो जोडीनं असतो, एवढंच मला त्याच्याविषयी ठाऊक होतं. अशा माणसाला मत्स्य खात्यात नेमणाऱ्याचा हात कुणीतरी तपासायला हवा होता.

केंद्राचं काम थोडक्यात सांगतो. रोहू, कटला हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात, साठलेल्या तळ्यात घालत नाहीत. तळ्यात घालायला लावायची तर दुसऱ्या माशाच्या मेंदूखालची मोहरीएवढी ग्रंथी काढायची, घोटायची आणि तिचा रस सुईनं टोचायचा. त्यासाठी साळवे साहेब वर्षभर बाजाराच्या दिवशी भोरच्या मासळीवाल्यांसमोर उकिडवे बसत. रोहूचं डोकं मागून घेत, चाकूनं वरचा टवका उडवत, चिमट्यानं पांढरा कण काढून काळ्या बाटलीतल्या स्पिरिटात टाकत आणि डोकं साभार परत देत. याचा परिणाम असा झाला की, साहेब माशाची अक्कल काढून नेतात अशी गावात बातमी पसरली. बायका मासळी घेताना "सायबानं न उघडलेलं डोस्कं दे" असं सांगून घ्यायला लागल्या. साहेबांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. अक्कल वेगळी, रस वेगळा, एवढंच म्हणाले.

हा रस म्हणजे साहेबांचं सगळं. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं, पाठीला खळ लावून चिकटवलेलं. मेंदूतून रस निघतो आणि अंडाशयाला हुकूम देतो, हे आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांचं म्हणणं, गोष्ट एवढ्यावर संपत नाही. अंडाशयही आपला रस रक्तातून मेंदूकडे पाठवतो. तो मेंदूत पोचला की माशाची नजर बदलते, भूक बदलते, भीती बदलते. मला कळावं म्हणून ते माझ्या भाषेत सांगत. "पाटसकर, मेंदूला नुसती जावक नाही, आवकही आहे. खालून आलेलं टपाल तो वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. टपाल एकदम बंद झालं तर काय करील?" मी म्हणालो, स्मरणपत्र पाठवील. त्यांनी हे उत्तर वहीत लिहून घेतलं. थट्टा त्यांना कळत नसे असं नाही, पण नोंद करण्यासारखी वाटली तर ते तीही करत.

या शास्त्राचा विस्तार ते माणसांपर्यंत नेत. एसटीचा कंडक्टर खेकसला, की साहेब त्याच्याकडे कळवळून पाहत आणि मला म्हणत, "दोष त्याचा नाही, रसाचा आहे." पुण्याचे वरिष्ठ साहेब तपासणीला आले आणि तळ्याच्या बांधावर उभे राहून साळव्यांना अर्धा तास बोलले. साळवे मान तिरपी करून ऐकत होते. ते गेल्यावर म्हणाले, "चढलाय. संध्याकाळपर्यंत उतरेल." माझं लग्न ठरून मोडलं तेव्हाही त्यांनी हेच वाक्य मला दिलं. मुलीचा दोष नाही, माझाही नाही. मला खरं तर मुलीच्या काकाचा दोष वाटत होता, पण त्याच्यातही रस असणारच, म्हणून गप्प बसलो.

दुसरं वेड नोंदींचं. पाण्यात जे आहे तेच वहीत, याबाहेर त्यांना धर्म नव्हता. खाडाखोड चाले, खोटं चालत नसे. पुण्याहून पिलांचा आकडा जरा बरा दाखवा, असं सुचवून आलं तर ते पिलं पुन्हा मोजत आणि आधीपेक्षा कमी भरली तर कमी कळवत. एकदा वहीत मी वाचलं, 'आज डोके दुखत होते, त्यामुळे मोजणीत चूक संभवते.' हजेरीपटावर स्वतःच्या नावापुढे ते 'चार मिनिटे उशीर' असं लिहीत, आणि मला आपलं घड्याळ खिशात ठेवावं लागे.

साहेब सारोळ्याचे. भोरात एका खोलीत राहत. खोलीत बुद्धाची एक तसबीर, एक स्टोव्ह, आणि खुंटीवर दोन पिशव्या. दुपारची भाकरी केंद्रावर आणत आणि आमच्यात न बसता हौदाच्या कठड्यावर बसून खात. पहिला तुकडा पाण्यात, दुसरा तोंडात. मी एकदा धोंडिबाला विचारलं, साहेब असे एकटेच कसे? तो म्हणाला, "एकले कुटं? मंडळी हाय की. पासलीला, भावाकडं. आठ वर्सं झाली." पासली म्हणजे वेल्ह्याकडचं डोंगरातलं गाव. मी पुढे विचारलं तर तो म्हणाला, "पयलं मूल मेलेलं जन्मलं. बाई भितीकडं तोंड करून बसल्या. जेवंना, बोलंना. सासू म्हणली बाहेरचं लागलं, देवरुषी आणला, लिंबाचा पाला काय, धुरी काय. मग भाऊ आला नि घिऊन गेला." आणि साहेब काय म्हणाले, हे मी विचारलं. "त्ये मातुर कुणाला ठावं न्हाई," असं म्हणून धोंडिबा उठला.

आता माझ्या कर्तबगारीकडे वळतो.

त्या वर्षी आषाढात धोंडिबा तापानं पडला आणि जोड्या लावायच्या कामात साहेबांनी मला घेतलं. मच्छरदाणीच्या कापडाचा पेटीसारखा हापा तळ्यात चार बांबूंना बांधायचा आणि त्यात टोचलेली मादी आणि टोचलेला नर सोडायचा. माशांच्या परांना नंबरचे पत्रे लावलेले असत. साहेब सुई भरत होते. सात नंबरच्या मादीला त्यांनी स्वतः टोचून हाप्यात सोडलं आणि मला म्हणाले, टोपलीतला खरखरीत बघून द्या. मी टोपलीत हात घातला. माझ्या हाताला त्या टोपलीतलं सगळंच खरखरीत लागत होतं, कारण माझे केसही उभे राहिले होते. त्यातल्या त्यात सर्वांत मर्दानी वाटलेला मासा मी उचलून दिला. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ते त्यांचं नेहमीचंच होतं.

सकाळी हाप्यात अंडी होती, पण सगळी पांढरीफटक. रुजलेलं अंडं काचेसारखं आरपार दिसतं, न रुजलेलं साबुदाण्यासारखं पांढरं पडतं. साहेबांनी माझा मर्दानी मासा बाहेर काढला, परावरून अंगठा फिरवला आणि तो परत सोडला. तीही मादीच होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात ते म्हणाले, "दोष तुमचा नाही." यावेळी रसाचं नाव काढलं नाही. बहुधा माझ्यात त्यांना तो सापडला नसावा.

सात नंबरला त्यांनी वेगळ्या हौदात ठेवलं. ती कोपऱ्यात गेली आणि सिमेंटच्या भिंतीकडे तोंड करून राहिली. कोंडा टाकला, पेंड टाकली, हलली नाही. साहेब रोज भाकरी घेऊन त्याच कठड्यावर बसायला लागले. पहिला तुकडा पाण्यात पडे आणि तिथेच फुगून विरघळे. पंधरा दिवस त्यांनी वहीत तिच्यापुढे एकच शब्द लिहिला, 'तशीच.'

मग एका सकाळी माझ्या टेबलावर त्यांच्या अक्षरातली तीन पानं दिसली. वर चिठ्ठी होती, 'पाटसकर, अक्षर सुधारून लिहावे.' त्यांचं अक्षर म्हणजे पाण्याबाहेर काढलेली कोळंबी. मी ते सुवाच्य उतरवलं. आता आमच्या कचेरीचा कायदा असा की, टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवलेला कागद जावक आणि उजव्या अंगाला ठेवलेला आवक. हा कायदा मीच केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. पानं डावीकडे होती. पत्ता नव्हता, पण मासळीचं पत्र पुण्याच्या वरिष्ठ कचेरीशिवाय जाणार कुठे? मी वर 'विषय: मादी क्र. ७' असं घातलं, जावक क्रमांक दिला, गोल शिक्का मारला आणि पाठवून दिलं. मजकूर वाचला का, असं कुणी विचारील. उतरवून काढणारा कारकून मजकूर वाचत नसतो, अक्षरं वाचतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पानांची चौकशी केली. मी म्हणालो, गेलं साहेब, कालच्या टपालानं. ते दचकले. "गेलं? पत्ता कुठे दिला होता मी?"

"पत्त्याची काळजी करू नका साहेब. एवढं मला कळतं."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. धोंडिबानं मला काय सांगितलंय आणि काय नाही, याचा ते हिशेब करत असावेत. मग त्यांचे कान लाल झाले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. अंगठा फिरवायचं विसरले. "आभारी आहे पाटसकर," म्हणाले. एका जावक क्रमांकासाठी एवढे आभार मला कुणी मानले नव्हते. मी दिवसभर खूश होतो.

त्यानंतर साहेब बदलले. पोस्टमनची सायकल बांधावर दिसली की हातातलं काम टाकून फाटकापाशी जात. सरकारी टपाल न बघता माझ्याकडे देत आणि पोस्टमनला विचारत, आणखी काही? भाद्रपद गेला, दिवाळी गेली. विचारणं कमी होत गेलं. आधी ते फाटकापर्यंत जात, मग दारापर्यंत, मग नुसतीच मान वर करत. मग तेही बंद झालं. मी धोंडिबाला म्हणालो, साहेबांचा रस उतरलाय. मला वाटलं, मी फार मार्मिक बोललो.

मार्गशीर्षाच्या थंडीत सात नंबरची मेली. साहेबांनी नंबरचा पत्रा सोडवून धुतला, टेबलाच्या खणात ठेवला आणि वहीत लिहिलं, 'मादी क्र. ७, मृत.' हौदातलं पाणी सोडून दिलं.

आणि संक्रांतीच्या सुमारास पुण्याचं उत्तर आलं. खात्याच्या मानानं ते लवकरच म्हणायला हवं. 'आपल्या संदर्भांकित पत्रातील मादी क्र. ७ हिची सद्यस्थिती कळवावी. तसेच, सदर मादीस कोणी काही बोलू नये, या वाक्याचा खुलासा करावा.'

मी कचेरीत ठेवलेली त्या पत्राची स्थळप्रत काढली आणि पहिल्यांदाच मजकूर वाचला.

'मादी क्र. ७ हिची सर्व अंडी पांढरी पडली. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून राहते. अन्न घेत नाही. यात तिचा दोष नाही. पोटात अंडी असताना जो रस रक्तातून मेंदूत जात होता तो एकाएकी थांबला आहे. मेंदूस काय झाले हे कळत नाही, आणि तिलाही कळत नाही. कोणतीही बाहेरची बाधा नसते. पूर्वी अशाच एका प्रसंगी देखरेख करणाऱ्या इसमास हे ठाऊक नव्हते. जगात तुझ्या एकटीचेच गेले काय, असे तो बोलला. तो इसम आता ही गोष्ट जाणतो. सदर मादीस कोणी काही बोलू नये. तिला हवे तितके दिवस कोपऱ्यात राहू द्यावे. इसम कठड्यावर बसून आहे.'

खाली माझा गोल शिक्का होता. अगदी सुबक उमटलेला.

आयुष्यात मी पुष्कळ घोटाळे केले आहेत आणि चारचौघांत रंगवून सांगितलेही आहेत. हा मात्र इतकी वर्षं कुणाला सांगितला नव्हता. दोन्ही कागद घेऊन मी हौदाकडे गेलो. साहेब कोरड्या हौदाच्या कठड्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. पत्र पासलीला गेलंच नाही, पुण्याला गेलं, सहा महिने तिथल्या फायलीत होतं.

मी त्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत होतो. ते आलं नाही. साहेबांनी पुण्याचं पत्र वाचलं, घडी केली, उलगडून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे तिनं उत्तर दिलं नाही, असं नाही."

"नाही साहेब."

"तिला मिळालंच नाही."

"नाही साहेब."

ते उठले आणि हौदाला एक फेरी घालून आले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी विचारलं, पण हे असं माशाचं का लिहिलंत? सरळ का नाही लिहिलं?

"पासलीत पत्र एकट्या माणसाला येत नाही, पाटसकर. गावाला येतं. पोस्टमन आठवड्यातून एकदा चढून जातो, ओसरीवर बसतो, मोठ्यानं वाचून दाखवतो. चार म्हातारे, शेजारच्या बाया, सगळे ऐकतात. तिचं एकदा झालंय ना सगळ्यांसमोर. पुन्हा नको."

मी ते पुन्हा उतरवलं. विषय घातला नाही, क्रमांक दिला नाही, शिक्का कुलपात ठेवला. शेवटी विचारलं, सात नंबरची आता नाही, तेवढं बदलायचं का? ते म्हणाले, "जेव्हा लिहिलं तेव्हा खरं होतं. तसंच जाऊ द्या." पाकिटावर मी मु. पो. पासली, तालुका वेल्हे असं इतकं ठळक लिहिलं, की पोस्टमननं मला विचारलं, तिकडं कुणाला दिसत नाही का?

पुण्याला काय खुलासा करायचा, हे साहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी लिहिलं, 'वाक्य कारकुनाच्या नजरचुकीने आले आहे.' एवढी खरी नोंद मी नोकरीत दुसरी केली नाही.

बारा-तेरा दिवसांनी बांधावर सायकल दिसली. साहेब जागचे हलले नाहीत. पोस्टमननं एक पोस्टकार्ड माझ्याजवळ दिलं, मी ते साहेबांपुढे धरलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. "तुम्हीच वाचा. अक्षर वाचू नका, मजकूर वाचा," म्हणाले. एवढा एकच टोमणा त्यांनी मला त्या सगळ्या प्रकरणात मारला.

मेहुण्याचं पत्र होतं, शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेलं. मी वाचलं.

"सप्रेम नमस्कार. हिकडं समदी खुशाल. भात बरं झालं. तुमचं मासळीचं पत्र पोस्टमननी वाचून दावलं. कुनाला काय कळलं न्हाई. म्हातारे म्हनले सरकारी दिसतंय, जपून ठिवा. आक्का आत उठून गेली ती दिवस मावळाया भाईर आली. पत्र तिनं मागून घेतलं, पेटीत ठिवलंय. आक्का इचारते, ती सात नंबरची आता काय खाती का. कळवणे."

टेबलावर नोंदवही उघडी होती. 'मृत' लिहिलेलं पान कधीच मागे गेलं होतं, पण माझं लक्ष सारखं तिकडेच जात होतं. साहेबांचंही जात असावं. त्यांनी पुढे होऊन वही मिटली आणि खणात पत्र्याशेजारी ठेवली. खण लावला. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी कोरा कागद घेतला. टाक शाईत बुडवून थांबलो. त्यांच्या खात्यात खोटं बसत नव्हतं, आणि खरं लिहावं असं माझ्यानं सांगवत नव्हतं.

"लिहा," ते म्हणाले.

मी वाट पाहिली.

"थोडं थोडं खाते."

मी लिहिलं.

"इसम कठड्यावर बसून आहे, असंही लिहा." मग जरा थांबून, अगदी हळू, "ते मात्र खरं आहे."